पंचेचाळिशीत, वेंगुर्ल्यात, स्कूटरचं लायसन

डोंबिवलीत वाढलेल्या बाईला गाडी चालवता येत नाही म्हणून कोणी नावं ठेवत नाही. घरापासून स्टेशन रिक्षाने, पुढे लोकल, उतरल्यावर पाय. मीही पंचेचाळिशीपर्यंत अशीच आले. मग जून २०२४ मध्ये बँकेने वेंगुर्ल्याला बदली केली. समुद्र, आंबे, काजू म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. जून महिन्यात चालली आहेस याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा हिस्सा मी ऑफिसला निघण्याच्या वेळेस पडतो असं माझं ठाम मत आहे.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या, बदलीमुळे किंवा लग्नामुळे किंवा निवृत्तीनंतर कोकणातल्या लहान गावात येऊन पडलेल्या आणि दुचाकीची भीती वाटणाऱ्या बायकांसाठी. लायसनचं काम एजंटशिवाय होतं. फक्त ते लायसनपासून सुरू होत नाही, त्याच्या बरंच आधी सुरू होतं.

आधी मी स्कूटरवर का आले ते सांगते.

पहिल्याच आठवड्यात सकाळच्या एसटीत शेजारच्या सीटवर एक फणस होता. फणसाची मालकीण मागे उभी होती, कारण फणस उभा राहू शकत नाही. मी जागा मागितली तर तिने फणस उचलून माझ्या मांडीवर दिला आणि स्वतः शेजारी बसली. दुसऱ्या एका दिवशी पायाशी सुक्या मासळीचं बोचकं आलं, इथे तिला खारो म्हणतात. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत बाजारात सुक्या बांगड्यांना आणि सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, मान असतो. गाडीच्या गळक्या खिडकीचं पाणी त्या बोचक्यावर आणि बोचक्यावरचं माझ्या साडीच्या काठावर. त्या दिवशी काउंटरवर आलेल्या एका आजोबांनी पैसे मोजून घेतले, जरा थांबले, आणि "खारो बरो दिसता, खंयसून घेतलात?" असं आस्थेने विचारलं.

रिक्षाचंही एक शास्त्र आहे. रिक्षात बसलं म्हणजे रिक्षा तुमची झाली असं नाही, तुम्ही रिक्षावाल्याच्या त्या दिवसाच्या कामांत सामील झालात, एवढंच. "वाटेत जरा आयेक औषध दितंय आणि मग जाऊया," असं म्हणून तो एका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, शिरला. त्याच्या आईने मला बघितलं, चहा टाकला. चहा नाकारून निघणं मला अजून जमत नाही, तेव्हा तर अजिबातच जमत नव्हतं. शाखेत पोचले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. कारण सांगितलं तर म्हणाले, "म्हातारी बरी आहे ना?"

सगळ्यात मोठा प्रसंग वस्तीच्या गाडीचा. रविवारी संध्याकाळी कुडाळहून परत येत होते. कंडक्टरला "वेंगुर्ला?" विचारलं, तो "जाता" म्हणाला, मी अर्धं तिकीट काढलं (मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे) आणि खिडकीची झडप ओढून डोळे मिटले. जाग आली ती इंजिन बंद झाल्याच्या शांततेने. समोर देऊळ, आजूबाजूला मिट्ट काळोख. कंडक्टर तिकिटांचं यंत्र पिशवीत भरत होता, ड्रायव्हरने चटई बाहेर काढली होती.

"म्याडम, तुमका खंय जावचा होता?"

"वेंगुर्ल्याला."

"ता मागे गेला. ही वस्तीची गाडी. आता सकाळी सवासात वाजता परत."

जी गाडी रात्री शेवटच्या गावात मुक्काम करते आणि सकाळी तिथूनच सुटते ती वस्तीची गाडी, हे इथल्या पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. देवळाच्या पडवीतून एक माणूस टॉर्च घेऊन आला. "तुमी ब्यांकेतल्या म्याडम मां?" त्याने मोटरसायकल काढली. मागे बसून एका हाताने त्याच्या डोक्यावर आणि एका हाताने माझ्या डोक्यावर छत्री धरायचा प्रयत्न केला. दोन्ही छत्र्या उलट्या झाल्या, मग दोघंही निमूट भिजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो माझ्या टेबलासमोर काजू लागवडीच्या कर्जाचा अर्ज घेऊन बसलेला होता. कागद सगळे बरोबर होते, नाहीतर माझी पंचाईत झाली असती.

ऑगस्टमध्ये डोंबिवलीला जायचं होतं आणि गाडी गेली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात, प्रवासाला जास्त वेळ लागतो, म्हणून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या इथून नेहमीपेक्षा लवकर निघतात. २०२४ मध्ये ते १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर. तिकिटावरची वेळ न बघता डोक्यातली वेळ धरून मी वेंगुर्ल्याहून कुडाळ स्टेशनला, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, पोचले. फलाटावर एक कुत्रा आणि मी. त्या रात्री परत आल्यावर घरमालकीण काकी ओटीवर उभ्या होत्या. "गो बाय, एक स्कूटर घे बघू. तुझा रोजचा ह्या बघून माकाच धाप लागता."

(स्कूटर असती तरी ती गाडी गेलीच असती. पण काकींशी वाद घालत नाहीत.)

आता कामाचं.

लायसनची सगळी सुरुवात परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर होते. महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ लायसन घरबसल्या काढता येतं, आधार क्रमांकावरून ओळख पटवून. मी उत्साहाने बसले आणि पहिल्याच पानावर अडकले. आधारवरून केलं की पत्ताही आधारवरचाच येतो. माझा पत्ता डोंबिवलीचा, म्हणजे कार्यालय कल्याणचं. म्हणजे आधी आधारवरचा पत्ता बदला. ज्यांची अशी बदली झाली आहे त्यांनी बाकी काही करण्याआधी हे करून टाका, कारण या सगळ्या प्रकरणात माझा सर्वात जास्त वेळ इथेच गेला.

पत्ता ऑनलाइन बदलता येतो. तेव्हा फी ५० रुपये होती. पुरावा म्हणून फोटो लावलेलं, सही-शिक्क्याचं पासबुक चालतं. लोकांच्या पासबुकांवर शिक्के मारण्यात माझा जन्म गेला, पण स्वतःच्या पासबुकावर स्वतः शिक्का मारता येत नाही. मॅनेजरसाहेबांकडे रांगेत उभी राहिले. त्यांनी फोटोकडे आणि माझ्याकडे आलटूनपालटून पाहिलं आणि "तुम्हीच का?" असं विचारून घेतलं. एक सांगते, इथला पत्ता लिहिताना घर क्रमांक, वाडीचं नाव, मुक्काम, पोस्ट असं सगळं नीट लिहा. लायसनवर तोच उतरतो आणि पोस्टमन त्यावरूनच येतो.

ओटीपी ही वेगळी कथा. माझ्या खोलीत नेटवर्क नाही. विहिरीजवळच्या माडाखाली येतं. पाऊस, एका हातात छत्री, एका हातात फोन, तोंडात टॉर्च, आणि ओटीपीची मुदत संपत आलेली. वर माड, आणि माडाला नारळ. काकी ओटीवरून ओरडत होत्या की हेल्मेट आधी घे, लायसन मागसून काढ. हेल्मेट त्याच आठवड्यात घेतलं. स्कूटर नव्हती तेव्हापासून माझ्याकडे हेल्मेट आहे.

पत्ता बदलून यायला काही आठवडे लागले. मधे ७ सप्टेंबरची गणेशचतुर्थी आली. त्या दिवसांत कोकणात कुठलंही काम काढू नये, निघत नाही. आणि निघालंच तर करणारा माणूस आरतीला गेलेला असतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात शिकाऊ लायसनचा अर्ज भरला. मी गिअर नसलेली दुचाकी एवढाच प्रकार निवडला. एका प्रकाराचे १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याला नमुना १-अ म्हणतात. बाजारातल्या डॉक्टरांनी २०० रुपये घेतले. लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, ऐकू येतं का, पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हे बघायचं असतं. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि समोर उभ्या मोटरसायकलचा नंबर वाचायला सांगितला. मी वाचला. "कोणाची आहे ती?" असंही विचारलं. तेही मला माहीत होतं, कर्जदार होता. डॉक्टर म्हणाले, दृष्टी उत्तम.

परीक्षा पंधरा प्रश्नांची, नऊ बरोबर हवेत. मराठीत देता येते. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो, तो पुढे ढकलता येत नाही. प्रश्नसंच पोर्टलवर असतो, दोन संध्याकाळी वाचून काढलात तर पुरे. चिन्हांवर जास्त लक्ष द्या, कारण वाक्यांचे प्रश्न अकलेने सुटतात, चिन्हांचे सुटत नाहीत. उतारावरून येणाऱ्याने चढावर येणाऱ्याला आधी वाट द्यावी, हे मला तिथे कळलं. आमच्या वाडीत आधी वाट रेड्याला असते, पण तो पर्याय दिलेला नव्हता. घरी वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही म्हणून मी बाजारात राहणाऱ्या सहकारी मैत्रिणीकडे जाऊन परीक्षा दिली. नापास झालं तर ५० रुपये पुन्हा भरावे लागतात, तेवढंच. पास झाल्यावर शिकाऊ लायसनची पीडीएफ लगेच मिळते. त्याची मुदत सहा महिने, आणि पक्क्या लायसनची चाचणी तीस दिवसांनंतरच देता येते.

एजंटची गोष्ट इथेच संपवते. एकाने या सगळ्याचे अडीच हजार सांगितले होते. माझे सरकारी फीचे तोवर अडीचशे झाले होते, आधारसकट.

ऑक्टोबरमध्ये जुनी स्कूटर घेतली, बत्तीस हजारांना, इथल्याच एका मास्तरांकडून, नंबर सिंधुदुर्गचाच, एमएच ०७. जुनी घेताना विमा आणि पीयूसी चालू आहे का ते बघा आणि नावावर करून घेण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मालकाच्या सहीसकट त्याच दिवशी हातात घ्या. मास्तरांनी सही करताना फॉर्ममधली शुद्धलेखनाची चूक लाल पेनाने दुरुस्त केली, तो फॉर्म परत नवीन छापावा लागला.

शिकवायला काकींचा मुलगा. त्याला मी दादा म्हणते, तो मला ताई म्हणतो, आणि शिकवताना मात्र दोघंही काही म्हणत नसू, फक्त ओरडत असू. पाऊस ओसरला तरी जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणाऱ्या पाणंदींवर शेवाळ असतं. तिथे ब्रेक मारला की चाक थांबतं, स्कूटर थांबत नाही. पहिली भेट करवंदीच्या जाळीशी झाली. दुसरी एका गोठ्याच्या दाराशी, तिथली म्हातारी शेणाची पाटी घेऊन उभी होती आणि तिने माझी वाट बघत असल्यासारखं दार उघडून धरलं. गोठ्यातून गाडी मागे घेण्यात जी माणसं मदतीला आली त्यातल्या निम्म्यांची आमच्याकडे खाती आहेत. पुढचे कित्येक दिवस पैसे भरायला आलेला प्रत्येक जण आधी "गाडी कशी आसा?" विचारायचा.

शिकण्याबद्दल तीन गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. नजर चाकावर ठेवली की चाक जिथे नको तिथेच जातं, लांब बघायचं. हळू वळताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडायचा नाही, किंचित चालू ठेवून मागचा ब्रेक अलगद धरायचा. आणि साडी नेसून शिकू नये. पांढऱ्या पट्टीवर लाल 'एल' पुढे आणि मागे लावा, वीस रुपयांत मिळतो. लाजायचं काही नाही, उलट डंपरवाले लांबून जातात.

जिल्ह्याचं परिवहन कार्यालय ओरोसला. पण तालुक्यांच्या ठिकाणी शिबिरं होतात, त्यांच्या तारखा बघून पोर्टलवर वेळ घ्यायची. जागा थोड्या असतात, पटकन भरतात. सकाळी लवकर बघत राहा. चाचणीचे ३००, लायसनचे २००, कार्डाचे २०० आणि वर टपालाचं थोडं असं भरावं लागतं. नोव्हेंबरात २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, त्या धामधुमीत माझं जमलं नाही, बँकेतल्या आम्हालाही निवडणुकीचं काम लागलं होतं. डिसेंबरची तारीख मिळाली.

चाचणीला स्वतःची गाडी न्यावी लागते, तिची मूळ कागदपत्रं, विमा, पीयूसी, शिकाऊ लायसन, फी भरल्याची पावती. ज्याला अजून लायसन नाही त्याने चाचणीच्या जागी गाडी घेऊन हजर व्हायचं, यातली गंमत दादाला माझ्यापेक्षा जास्त कळली. तो चालवत आला, मी मागे कागदांची पिशवी धरून.

मैदानात फक्कीने इंग्रजी आठ काढलेला. पुढे अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. ती आठमधून अशी जायची की बघणाऱ्याला वाटावं हे चालत आलेत. माझ्या पोटात गोळा. निरीक्षकांनी आधी हाताच्या खुणा करून दाखवायला सांगितल्या, त्या चोख झाल्या. मग आठ. पहिलं वेटोळं झालं, दुसऱ्यात आत कोंबडी आली. मैदानाच्या कडेच्या घरातली. मी पाय टेकला. नियमाप्रमाणे पाय टेकला की संपलं.

"साहेब, कोंबडी होती."

"ताई, रस्त्यावर पण असते."

यावर काय बोलणार! नापास झाल्यावर सात दिवसांनंतर पुन्हा देता येते, पण पुढचं शिबिर पुढच्या महिन्यात. चाचणीचे ३०० पुन्हा भरायचे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी काकींनी वडे केले होते, पास झाल्याचे. तेच खाल्ले.

मधल्या दिवसांत खळ्यातच सराव केला. काकींनी रांगोळीने आठ काढून दिला. त्याला कडेने ठिपके आणि मधे कमळ होतं, त्यावरून चाक न्यायला जीव होईना. मग दादाने चुन्याने साधा काढला. आठवडाभर त्यात मी फिरत होते आणि काकींच्या कोंबड्या मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या होत्या.

जानेवारी २०२५ मधल्या शिबिरात झालं. पाय वर, दोन्ही वेटोळी, सरळ बाहेर. निरीक्षक तेच होते. त्यांनी मान वर न करता कागदावर टिक केली आणि पुढचं नाव पुकारलं. मी तिथेच रेंगाळले, अजून काही सही वगैरे असेल म्हणून. काही नसतं. जा म्हणाले.

काही दिवसांनी लायसन डिजिलॉकरमध्ये दिसायला लागलं. पोलिसाला तेही दाखवलेलं चालतं, कार्डासाठी जीव टांगणीला लावू नका. कार्ड फेब्रुवारीत स्पीड पोस्टने आलं. पंचेचाळिशीत काढल्याने मुदत दहा वर्षांची. पन्नाशीच्या आत असाल तर काढून टाका, नंतर ही मुदत कमी होत जाते.

आता मी मोचेमाडच्या चढावरून आरवलीला जाते, शिरोड्याला जाते. रेडीच्या पुढे तेरेखोलच्या फेरीबोटीत स्कूटर चढवून एकदा पलीकडे केरीच्या बाजूलाही जाऊन आले. बोटीवरून उतरताना मागच्याने हॉर्न वाजवला आणि मी न दचकता उतरले, हे इथे नोंदवून ठेवते. धो धो पाऊस असला की मात्र सरळ एसटी. कंडक्टर आता वेंगुर्ला आलं की मला नावानिशी उठवतात.

पावसाळ्यातली एक सूचना राहिली. शाखेबाहेर स्कूटर लावताना हेल्मेट आरशाला टांगून ठेवू नका. पाऊस लागला की बेडूक आडोसा शोधतात. मी संध्याकाळी घाईने हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, आणि मग कपाळावर काहीतरी गार हललं. भर बाजारात एक अधिकारी बाई हेल्मेटचा पट्टा सुटत नाही म्हणून नाचताना ज्यांनी पाहिली, त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी कशी आहे असं विचारलं नाही, बेडूक कसा आहे असं विचारलं. तेव्हा हेल्मेट सोबत आत न्या, आणि आत नेलं तरी घालण्याआधी उलटं करून दोनदा झटका.